पहिला घाणा वाळतो, दुसरा दमट : एका गॅस ड्रायरची केस

आधी मशीनची ओळख. गॅसवर चालणारा कपड्यांचा ड्रायर, बारा-तेरा वर्षं जुना, न्यू जर्सीतल्या एका टाऊनहाऊसमध्ये वरच्या मजल्यावरच्या कपाटवजा लाँड्री रूममध्ये वॉशरच्या शेजारी बसवलेला. घर माझ्या मैत्रिणीचं. तक्रार एका वाक्यात सांगायची तर कपडे वाळत नाहीत, पण ही तक्रार धड नव्हती, कारण कधी तेच टॉवेल कडकडीत वाळून यायचे आणि कधी तासभर फिरून सुद्धा गार आणि दमट. ड्रम फिरतोय, पंख्याचा आवाज नेहमीसारखा, टायमर पुढे सरकतोय, आतला दिवा लागतोय. बाहेरून बघून काही बिघडलंय असं वाटणारच नाही.

तिकडे भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे गॅसचा ड्रायर हा प्रकार घरात कुणी बघितलेला नसतो, दोरी आणि गच्ची आहे म्हटल्यावर लागतो कशाला. इथे थंडीत बाहेर कपडे घातले तर पापडासारखे ताठ होतात आणि बऱ्याच टाऊनहाऊस सोसायट्यांच्या नियमात बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदीच असते, त्यामुळे ड्रायर ही चैनीची गोष्ट राहत नाही. मुंबई-पुण्यात स्वयंपाकघरात पाईपने गॅस येतो तसाच इथे येतो, त्याचीच एक शाखा ड्रायरला जाते. आत एक बर्नर असतो, साधारण २२ हजार बीटीयूचा, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या आसपास, आपल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या दुपटीहून जास्त. वीज लागते ती फक्त मोटर, कंट्रोल, गॅसचा व्हॉल्व्ह आणि इग्नायटरला, म्हणजे तापून गॅस पेटवणाऱ्या भागाला, म्हणून गॅसचा ड्रायर साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालतो, इलेक्ट्रिकवाल्याला २४० व्होल्टची जाडजूड लाइन लागते. एकच मोटर एका बाजूने पट्ट्याने ड्रम फिरवते आणि दुसऱ्या बाजूने पंखा. पंखा बर्नरवरची गरम हवा ड्रममधून ओढतो आणि ओली हवा चार इंची पाईपने घराबाहेर टाकतो. या हवेबरोबर जळलेल्या गॅसचा धूरही जातो, त्यामुळे गॅस ड्रायरचा पाईप घरातच सोडणं हा प्रकार अजिबात चालत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा सरळ धोका आहे.

मी जायच्या आधी काय काय झालं होतं तेही केसचा भाग आहे. एक रिपेअरवाला येऊन गेला होता, नाव घेत नाही. त्याने पहिल्या फेरीत इग्नायटर बदलला, कारण ड्रायर गरम होत नाही म्हटलं की बऱ्याच वेळा इग्नायटर तुटलेला निघतो हे खरं आहे. पण मैत्रिणीच्या नवऱ्याने जुना इग्नायटर ठेवून दिला होता आणि तो धडधाकट होता, कुठे चीर नाही, मीटरवर रेझिस्टन्सही व्यवस्थित. परत तक्रार केल्यावर तो पुन्हा आला, गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइल्सना, म्हणजे विजेने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांना, मीटर लावला, म्हणाला कॉइल्स ठीक आहेत, म्हणजे व्हॉल्व्हच गेला, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. कोटेशन नव्या ड्रायरच्या अर्ध्याहून जास्त, आणि वर सल्ला की एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या. दोघं नवीन घ्यायच्या तयारीतच होते, सेलची वाट बघत होते.

मी बिल्डिंगमधल्या हीटिंग-कूलिंगच्या कंट्रोल्सवर काम करते, घरगुती ड्रायर हा काही माझा धंदा नाही, पण बर्नर पेटायचा क्रम सगळीकडे साधारण सारखाच असतो. आणि केस उलगडायला माझ्या मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडल्या मैत्रिणीच्या सासूबाई. त्या सातारहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, कपड्यांचं खातं सध्या त्यांच्याकडे. मी विचारलं, काकू, नक्की कधी वाळत नाहीत? तर त्या म्हणाल्या, "अगं सकाळचा पहिला घाणा छान निघतो. त्यावर लगेच दुसरा टाकला की मशीन रुसतं. मग मी ते तसंच ठेवते, जेवणं झाली की परत लावते, तेव्हा वाळतात." रिपेअरवाल्याला हे सांगितलं का विचारलं तर म्हणे तो इंग्लिशमध्ये मुलाशीच बोलत होता, मला कुणी विचारलंच नाही.

आता यातलं निदान बघा. थंड मशीन चालतं, गरम मशीन चालत नाही, थंड झालं की परत चालतं. जो पार्ट तुटलाय तो तुटलेलाच राहतो, जेवणाच्या वेळेत बरा होत नाही. म्हणजे तापल्यावर दगा देणारा आणि गार झाल्यावर साळसूद होणारा पार्ट शोधायचा. आणि रिपेअरवाला दोन्ही वेळेला आला तो दुपारी, मशीन तासन्‌तास बंद असताना.

तरी मी आधी हवेकडे गेले, आणि कुणालाही हेच सांगेन. ड्रायरच्या तक्रारीत पहिला संशयित कायम व्हेंट, म्हणजे हवा बाहेर टाकणारा पाईप, भले लक्षणं दुसरीकडे बोट दाखवत असोत, कारण हवा अडलेली असेल तर बाकी कुठल्याच टेस्टवर विश्वास ठेवता येत नाही. हवा कमी पडली की बर्नरजवळचं तापमान भसकन वाढतं, तिथला हाय-लिमिट थर्मोस्टॅट गॅस तोडतो, जरा गार झालं की परत जोडतो, आणि कपड्यांना उष्णता मिळतच नाही. शिवाय आगीचा प्रश्न. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० चा हिशोब मांडला होता, त्यात घरांमध्ये ड्रायरमुळे लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि सगळ्यात मोठं कारण, सुमारे ३४ टक्के, नुसतं साफसफाई न करणं.

इथला पाईप भिंतीतून छताकडे आणि तिथून बाजूच्या भिंतीबाहेर, अंदाजे १८ फूट, दोन काटकोनी वळणं. इथल्या रेसिडेन्शियल कोडचा साधा नियम असा की ३५ फुटांपर्यंत चालतो पण नेहमीच्या काटकोनी एल्बोमागे ५ फूट वजा करायचे, म्हणजे या घराला २५ फुटांची मुभा, १८ म्हणजे बिल्डरने नीट काम केलेलं. घोळ ड्रायरच्या मागे होता. तिथे चंदेरी फॉइलचा वळ्यावळ्यांचा पातळ पाईप लावलेला, आणि ड्रायर मागे ढकलून ढकलून तो इतका चेपलेला की मधे जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट. वळ्यांमध्ये राखाडी तूस घट्ट बसलेलं, बाहेर काढलं तर लांबलचक नमद्यासारखा पट्टाच निघाला. बाहेरच्या भिंतीवरची झडप सुद्धा तुसाने अर्धी चिकटलेली, ड्रायर चालू असताना ती पूर्ण उघडायला पाहिजे, ही कशीबशी फडफडत होती. काही लोक पक्षी शिरू नयेत म्हणून तिथे जाळी लावतात, तीही लावू नये, जाळीवर तूस महिन्याभरात गादी करतं.

ड्रायर हलवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र बघितली, आणि ही वाचून सोडून देऊ नका. मागे टॉर्च मारून गॅसचा लवचिक कनेक्टर बघितला. पिवळ्या कोटिंगचा स्टेनलेस स्टीलचा होता, म्हणजे ठीक. जुन्या घरात कधीकधी कोटिंग नसलेला पितळी कनेक्टर असतो, त्याचे टोकाचे जोड सुटून आगी लागल्याच्या घटना झाल्यात आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्याबद्दल मुद्दाम इशारा दिलेला आहे. तसा दिसला तर ड्रायर एक इंचही ओढायचा नाही, नुसत्या हलवण्यानेही तो फुटू शकतो, लायसन्सवाला माणूस बोलवायचा. आमचा ठीक होता तरी आधी गॅसचा कॉक बंद केला, दांडा पाईपला आडवा झाला की बंद, मग प्लग काढला आणि मगच मशीन पुढे ओढलं.

फॉइलचा पाईप फेकला, त्याजागी जाड ॲल्युमिनियमचा, ड्रायरसाठी प्रमाणित असलेला आखूड तुकडा लावला. भिंतीच्या आत असला लवचिक तुकडा जाता कामा नये आणि बाहेरही ८ फुटांपेक्षा लांब नको. जोडांना आतपर्यंत घुसणारे स्क्रू मारले नाहीत, कारण स्क्रूच्या टोकाला तूस अडकतं. क्लॅम्प आणि धातूची टेप, बस. भिंतीतला पाईप लांब ब्रशने साफ केला, तो ब्रश ड्रिलला लावून फिरवतात, काकूंनी बाहेर अंगणात उभं राहून बर्फावर उडालेलं तूस बघितलं आणि म्हणाल्या यात तर एक उशी भरली असती.

यानंतर पहिला घाणा आधीपेक्षा बराच लवकर वाळला. घरात आनंदीआनंद. मैत्रीण म्हणाली झालं, चहा टाकते. मी म्हटलं थांब, लगेच दुसरा टाक. दुसरा गार!

म्हणजे व्हेंट हा खरा दोष होता पण तो एकटा नव्हता, आणि इथेच बरेच लोक फसतात, एक दोष सापडला की केस बंद करतात.

आता बर्नर बघायची वेळ. या मॉडेलला खालची पुढची पट्टी दोन क्लिपांवर असते, पातळ पट्टीने क्लिप दाबली की निघते. आत तुसाचा थर होता तो आधी व्हॅक्यूमने काढला, उघड्या ज्योतीशेजारी असलं काही ठेवून मशीन चालवायचं नाही. मग गॅस सुरू, प्लग लावला, ड्रम रिकामा ठेवला, हाय हीटवर टाइम ड्राय लावलं आणि खोलीतला दिवा बंद करून जमिनीवर पालथी पडले. रिकाम्या ड्रमची युक्ती अशी की ओले कपडे नसले की हवा चटकन तापते, थर्मोस्टॅट पटापट चालू-बंद होतो, जो दोष एरवी पाऊण तासाने दिसेल तो लवकर दिसतो.

काय दिसायला पाहिजे ते सांगते, कारण सगळी केस यातच आहे. मोटर वेगात आली की तिच्यातला स्विच बर्नरकडे करंट सोडतो. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी सिलिकॉन कार्बाइडचा इग्नायटर असतो, तो हळूहळू लाल, मग नारिंगी, मग जवळजवळ पिवळा पांढरा होतो. नळीच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, तो खिडकीतून इग्नायटरची धग बघत असतो. साधारण अर्धा ते एक मिनिटात त्याला धग पुरेशी वाटली की त्याचा आतला स्विच उघडतो. गॅस व्हॉल्व्हमध्ये एकामागे एक अशी दोन दारं असतात, पहिलं दार दोन कॉइल्स मिळून आधीच उघडून धरतात, एक ओढायला आणि एक धरून ठेवायला, आणि त्या दोन्ही एकाच तीन पिनांच्या डबीत असतात. दुसऱ्या दाराची कॉइल दोन पिनांची. सेन्सरचा स्विच बंद असेपर्यंत करंट या दुसऱ्या कॉइलला वळसा घालून जातो. स्विच उघडला की करंटला त्या कॉइलमधूनच जावं लागतं, कॉइल दुसरं दार उघडते, आणि तिचा रेझिस्टन्स इतका जास्त की इग्नायटरच्या वाट्याला काही उरत नाही, तो विझायला लागतो. तो अजून तापलेला असतानाच गॅस त्याच्यावर येतो आणि भक्क करून निळी ज्योत लागते. ज्योतीच्या धगीने सेन्सर उघडाच राहतो, ज्योत चालू राहते. बाहेर जाणारी हवा १५५ अंश फॅरनहाइटच्या आसपास म्हणजे ६८ सेल्सियसला पोचली की थर्मोस्टॅट सगळं तोडतो, जरा गार झालं की हाच खेळ पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर एवढ्या स्वस्त पार्टांमध्ये इतकी सुरक्षितता बसवणारा जो कुणी असेल त्याला मानलं पाहिजे, एकही चिप नाही, नुसती तापण्या-निवण्याची पाळी.

पहिल्यांदा सगळं असंच झालं. इग्नायटर पेटला, टक् असा आवाज, ज्योत, रंग स्वच्छ निळा. पिवळी लोळणारी ज्योत असेल तर हवा किंवा गॅसचं प्रमाण बिघडलंय असं समजावं, इथे तसं नव्हतं. थोड्या वेळाने थर्मोस्टॅटने ज्योत बंद केली, तेही बरोबर. मग परत इग्नायटर नारिंगी झाला, पुरेसा झाला, विझला. आणि ज्योत नाही. अंधार. मिनिट-दीड मिनिटाने सेन्सर गार झाला, इग्नायटर परत पेटला, परत विझला, परत काही नाही. हे असंच चालू राहिलं. मैत्रिणीचा नवरा बाजूला आडवा होऊन बघत होता, तो म्हणाला अरे हा तर लायटर नुसता खटखट करतोय.

आता या एका दृश्यात कोण कोण सुटलं बघा. इग्नायटर सुटला, तो पेटतोय. थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन फार तापलं की उडणारा फ्यूज, तोही सुटला, काही मॉडेलमध्ये तो उडाला की मोटरच सुरू होत नाही आणि काहींमध्ये मोटर फिरते पण बर्नरला करंटच जात नाही, दोन्हीकडे इग्नायटर पेटलाच नसता. थर्मोस्टॅट सुटले, तेही त्याच रस्त्यावर आहेत. सेन्सर सुटला, कारण तो चिकटलेला असता तर इग्नायटर विझलाच नसता, सतत पेटून राहिला असता. घरातला गॅस सुटला, कारण पहिल्यांदा ज्योत लागली आणि खाली स्वयंपाकघरात शेगडी मस्त चालू होती. उरलं काय तर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हमध्येही वीज लागणारा भाग म्हणजे कॉइल्स. धातूचं दार अडकलं असतं तर ते गरम-गार बघून इतकं शिस्तीत अडकलं नसतं, निदान माझा त्यावर विश्वास बसला नसता.

पण रिपेअरवाल्याने तर कॉइल्स मोजल्या होत्या, आणि त्याने खोटं सांगितलं नव्हतं. प्लग काढून, गॅसचा कॉक बंद करून मशीन रात्रभर निवू दिलं आणि सकाळी मीही मोजल्या. या जातीच्या व्हॉल्व्हसाठी आकडे ठरलेले आहेत, तीन पिनांच्या डबीत १ आणि २ मध्ये सुमारे १,३६५ ओहम, १ आणि ३ मध्ये ५६० च्या आसपास, दोन पिनांच्या कॉइलमध्ये १,२२० च्या आसपास. तिन्ही आकडे जागेवर. थंड कॉइल निर्दोष.

मग कॉइल्स काढल्या. दोन स्क्रू आणि एक पत्र्याची पट्टी, ती उचलली की डब्या दांड्यावरून वर सरकून निघतात. इथे एक महत्त्वाची गोष्ट, यात गॅसची वाट कुठेही उघडत नाही. कॉइल बाहेरून बसलेली असते, लोहचुंबकासारखी आतलं दार ओढते, गॅसला आणि तिला मधे धातूची भिंत आहे. म्हणून हे काम थोडं हात चालणारा माणूस घरी करू शकतो, आणि व्हॉल्व्ह असेंब्ली बदलणं हे घरी करायचं काम नाही.

दोन पिनांच्या कॉइलला मीटरच्या पिना चिमट्याने लावल्या, टेबलावर ठेवली आणि मैत्रिणीचा हेअर ड्रायर तिच्यावर धरला. मीटरवर १,२२० च्या जवळचा आकडा. तो हळूहळू वर जायला लागला, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, १,२५०, १,३००, यात काही विशेष नाही. डबी हाताला चांगली चटका देईल एवढी झाली आणि आकडा एकदम गेला, स्क्रीनवर नुसतं ओएल, म्हणजे तार तुटलेली. एकदा फडफडून परत आकडा आला, परत ओएल, आणि मग तिथेच बसला. हेअर ड्रायर बंद केला. काही मिनिटांनी डबी कोमट झाली तेव्हा आकडा आपोआप परत, जसं काही झालंच नाही. काकू चष्मा लावून बघत होत्या, म्हणाल्या, "हिचं तर माझ्या गुडघ्याच्या उलट आहे, माझा थंडीत धरतो."

तीन पिनांची डबी तापवून बघितली, ती शेवटपर्यंत टिकली. तरीही दोन्ही बदलायच्या, हा या धंद्यातला जुना नियम आहे आणि मला पटतो. दोन्ही एकाच वयाच्या, एकाच उष्णतेत राहिलेल्या, दुकानात जोडीच मिळते, आणि एक बदलून सहा महिन्यांनी परत जमिनीवर पालथं पडायची हौस कुणाला.

पार्ट मागवताना मॉडेल नंबर बघायचा, तो दार उघडल्यावर चौकटीच्या आतल्या कडेला स्टिकरवर असतो. जोडी वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळाली. बसवताना तीन पिनांची आणि दोन पिनांची डबी आपापल्याच दांड्यावर जाईल हे बघायचं, सॉकेट वेगवेगळे असल्यामुळे वायरिंगमध्ये अदलाबदल होणं कठीणच, तरी काढायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवला होता. पट्टीचे स्क्रू घट्ट पण आवळून मोडेपर्यंत नाही. या सगळ्यात एकच नाजूक गिऱ्हाईक असतं, तो इग्नायटर. खडूसारखा ठिसूळ, पाना नुसता लागला तरी तुकडा पडतो, आणि उघड्या बोटांनी धरू नये कारण बोटाचं तेल लागलं की तिथे तो लवकर चिरतो. आम्ही त्याला हातच लावला नाही, तो बिचारा नुकताच विनाकारण बदललेला नवा कोरा होता.

गॅसची वाट उघडली नव्हती तरी मशीन पुढे-मागे ओढलं होतं, म्हणून कॉक सुरू केल्यावर कनेक्टरच्या दोन्ही टोकांना भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावून बघितलं. बुडबुडा आला असता तर कॉक बंद करून माणूस बोलवला असता. आणि घरात गॅसचा वास स्पष्ट येत असेल तर असलं काही करत बसायचं नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, बाहेर जायचं आणि बाहेरूनच फोन करायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वरच्या मजल्यावर होता, टेस्ट बटण दाबून बघितला, चालू होता पण मागे एक्स्पायरीची तारीख उलटून गेलेली, या अलार्मना आयुष्य असतं हे कित्येकांना माहीतच नसतं. तो त्याच दिवशी बदलला.

परत रिकामा ड्रम, परत हाय हीट, परत पालथी. पहिली ज्योत, बंद, दुसरी ज्योत, बंद, तिसरी. प्रत्येक वेळी टक् आणि भक्क. पुरेसा वेळ बघून मग खरी परीक्षा घेतली, टॉवेलचा घाणा आणि तो निघाल्या निघाल्या लगेच दुसरा, मशीनला श्वास घ्यायला वेळ न देता. दुसराही कडक. बाहेर झडपेपाशी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरून बघितला तर तापमान वर जाऊन खाली येत होतं, परत वर, जसं यायला पाहिजे तसं. आधी ते एकदा वर जाऊन नुसतं उतरत राहायचं.

आता मूळ कारणाबद्दल. वयाने कॉइल जातात, बारा वर्षं म्हणजे तिने तिची नोकरी केली. पण माझं स्वतःचं मत असं की चेपलेल्या पाईपने तिला लवकर म्हातारं केलं. हवा अडली की कपाटात उष्णता कोंडते, हाय-लिमिटमुळे बर्नर एका घाण्यात कितीतरी जास्त वेळा पेटतो-विझतो, आणि दर वेळी कॉइल तापते-निवते. हे मी सिद्ध करू शकणार नाही, पण व्हेंट तसाच ठेवून कॉइल बदलली असती तर नव्या जोडीवर मी पैज लावली नसती. रिपेअरवाल्यावर राग धरण्यात मला रस नाही, एकट्याने दिवसभर घरं फिरायची तर मशीन तापेपर्यंत थांबायला वेळ कुठला, पण ग्राहकाने एवढं करता येतं की तो यायच्या आधी एक घाणा लावून ठेवायचा आणि दोष चालू असतानाच त्याच्या हातात द्यायचा. आणि घरात जो खरंच कपडे धुतो त्याला बोलायला पुढे बसवायचं.

खर्च सगळा मिळून, पाईपचा तुकडा, क्लॅम्प, ब्रश, कॉइल्स आणि अलार्म धरून, रिपेअरवाल्याच्या नुसत्या एका व्हिजिटपेक्षा कमी. त्याचा इग्नायटर परत करता येईना, तो बसवलेला आहे तसाच राहिला, जुना चांगला आहे तो कापसात गुंडाळून डबीत ठेवलाय, कधीतरी लागेल. काकूंनी ड्रायरमधल्या तूस अडवणाऱ्या जाळीचं काम स्वतःकडे घेतलंय, दर घाण्यानंतर, आणि महिन्यातून एकदा ती साबणाने धुतात, कारण ड्रायरमध्ये सुवासिक शीट्स टाकल्या की जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो आणि पाणी ओतलं तर ते जाळीवरच थांबून राहतं.

एक तक्रार अजून उरली होती, जीन्सची कमरेची पट्टी आणि खिसे दमट राहतात. याचा कॉइलशी संबंध नव्हता. वॉशरचा स्पिन कुणीतरी नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर ठेवून दिला होता, जीन्स जवळजवळ ठिबकत बाहेर येत होत्या. स्पिन वाढवला, आणि मोठ्या चादरीत जीन्स गुंडाळल्या जाऊ नयेत म्हणून त्यांचा घाणा वेगळा केला.